जीपमध्ये न बसलेली सेंगेनी

आपल्या शाळेच्या या स्मरणिकेसाठी इतिहासाच्या शिक्षकाने महाडचा सत्याग्रह, येवल्याची घोषणा किंवा नागपूरची धम्मदीक्षा यांपैकी एखाद्या विषयावर लिहावे, अशी संपादक मंडळाची स्वाभाविक अपेक्षा होती. त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारी माणसे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. मी एका चित्रपटावर लिहितो म्हणालो, तेव्हा मंडळातील एका तरुण सहकाऱ्याने मिस्कीलपणे विचारले, "सर, तुम्ही आणि सिनेमा?" प्रश्न रास्त होता. वसतिगृहातील मुले टीव्हीसमोर जास्त वेळ रेंगाळली की त्यांना उठवून अभ्यासिकेत पाठवण्याचे काम गेली पंचवीस वर्षे मीच करीत आलो आहे. तरीही लिहितो आहे. आयुष्यातल्या एका अवघड वर्षी मला ज्यांनी सावरले त्यांत घरची माणसे होती, शाळेतील सहकारी होते, आणि एका तमिळ चित्रपटातील एक निरक्षर, गरोदर बाईही होती. पहिल्या दोघांचे ऋण मी वेळोवेळी बोलून दाखवले आहे. तिसऱ्या ऋणाची नोंद कुठे झालेली नाही.

'नायक' या शब्दाविषयी आधी थोडे बोलले पाहिजे. माझी पिढी १९८०च्या दशकात शाळेत होती. भीमजयंतीला वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणायचा, विहारासमोर सतरंज्या अंथरायच्या आणि रात्रभर ओळीने तीन चित्रपट पाहायचे, हा आमच्या वस्तीचा वार्षिक सोहळा असे. अमिताभ बच्चन हा आमचा नायक. तो एकटा गोदामात शिरून दहा-बारा जणांना लोळवी, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पोरे छाती काढून गावातून चालत असू. ती छाती पाणवठ्यापर्यंत टिकायची. पुढे एम.ए.ला इतिहास शिकताना एक गोष्ट ध्यानात आली. 'जंजीर'मधला विजय हा खन्ना होता आणि 'दीवार'मधला विजय हा वर्मा होता. गोदीत हमाली करणाऱ्या त्या संतप्त तरुणाचे आडनावसुद्धा आमच्या वस्तीतले नव्हते. त्याच्या रागावर आम्ही आमचा राग चढवून पाहत होतो, उसन्या सदऱ्यासारखा.

विभूतिपूजेविषयी बाबासाहेबांनी आपल्याला जे बजावून ठेवले आहे, तेही इथे विसरून चालणार नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१व्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात केलेल्या भाषणात त्यांनी माणसांना देव बनवण्याच्या वृत्तीवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी राजकारणातील भक्तीचा धोका पुन्हा एकदा सांगितला. म्हणून आंबेडकरी माणूस पडद्यावरच्या नायकाविषयी बोलू लागला की त्याने दोनदा विचार केलेला बरा. २००० साली जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आला, मामुट्टी यांनी बाबासाहेब साकारले. आम्ही तो विद्यार्थ्यांना घेऊन पाहिला. चित्रपटगृहात अनेकांचे डोळे पाणावले होते, माझेही. परंतु त्या चित्रपटातून बाहेर पडताना मनात कृतज्ञता दाटलेली होती आणि आपण फार लहान आहोत ही जाणीवही होती. सूर्याकडे पाहून दिपून जावे तसे झाले होते. रोजच्या वाटेवर हातात धरायला कंदील लागतो, तो मला पुढे एकवीस वर्षांनी सापडला.

२ नोव्हेंबर २०२१ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, 'जय भीम' हा चित्रपट मोबाईल-टीव्हीवर घरबसल्या पाहता येईल अशा रीतीने प्रदर्शित झाला. दिग्दर्शक टी. जे. ज्ञानवेल. सूर्या या प्रख्यात तमिळ नटाने त्यात चंद्रू वकिलांची भूमिका केली आहे. कथा १९९३ साली तमिळनाडूतील कडलूर भागात घडलेल्या एका खऱ्या प्रकरणावर आधारलेली आहे. के. चंद्रू हे तेव्हा मद्रास उच्च न्यायालयात वकिली करीत होते. पुढे २००६ मध्ये ते त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि २०१३ मध्ये निवृत्त झाले. मूळ घटनेतील कुटुंब कुरवर समाजाचे होते. चित्रपटात ते इरुळर या आदिवासी जमातीचे दाखवले आहे. या बदलावर आक्षेप घेतले गेले, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मलाही तो बदल खटकतो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे नाव तरी जागेवर राहायला हवे होते.

आणि 'जय भीम' हे शब्द? आपल्या अभिवादनाचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. १९३९ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी गेलेला हा विदर्भातील कार्यकर्ता. त्याने रूढ केलेले दोन शब्द ऐंशी वर्षांनी एका तमिळ चित्रपटाचे शीर्षक होतात, याचा मला त्या दिवाळीत कोण आनंद झाला होता. चित्रपट पाहायला बसलो तो एवढ्याच कुतूहलाने.

मनःस्थिती मात्र आनंदाची नव्हती. ती का नव्हती हे सांगितल्याशिवाय पुढचे उलगडणार नाही.

माझी धाकटी मुलगी त्या वर्षी बारावी झाली होती. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला तिला प्रवेश हवा होता आणि राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला नुसते 'व्हॅलिडिटी' म्हणतात ते, आवश्यक होते. आमच्या कुटुंबात ते काढणारी ती पहिलीच. ज्या पालकांनी हा प्रवास केला आहे त्यांना तपशील सांगायला नको. ज्यांचा व्हायचा आहे त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा द्यावा लागतो. कुटुंबातील कुणाच्या तरी त्यापूर्वीच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, किंवा गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद. म्हणजे जे शिकले नव्हते, ज्यांना शिकू दिले गेले नव्हते, त्यांच्या नातवंडांनी आज्याच्या शाळेचा दाखला आणायचा. यावर अधिक भाष्य करीत नाही.

माझे वडील १९३८ सालचे. ते गावच्या शाळेत चार वर्षे गेले होते, व्हरांड्यात बसून का होईना. पण कृष्णाकाठच्या आमच्या गावात २०१९चा महापूर शाळेच्या कपाटापर्यंत चढला आणि जुन्या रजिस्टरांचा लगदा झाला. उरले कोतवाल बुक. तालुक्याच्या अभिलेख कक्षात ते मिळाले. नोंद मोडीत होती. मला मोडी वाचता येते, विद्यापीठात असताना हौसेने शिकलो होतो. त्या पिवळ्या पानावर बोट ठेवून ओळ वाचली तेव्हा अंगावर काटा आला: माझ्या आज्याचे नाव, त्याच्या बापाचे नाव, पुढे जात, आणि 'मुलगा झाला' एवढीच नोंद. मुलाचे नाव नाही. तेव्हा बारसे होण्याआधीच कोतवाल नोंद करून जात असे.

अधिकृत लिप्यंतर करून, शिक्का घेऊन, वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रासह आम्ही प्रस्ताव दाखल केला. दोन महिन्यांनी त्रुटीपत्र आले. जन्मलेला तो मुलगा म्हणजे अर्जदाराचे आजोबाच कशावरून? नोंदीत आडनाव नाही, अर्जदाराला आडनाव आहे, ते जुळत नाही. शिवाय नोंदीत 'महार', शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध'. शेवटच्या मुद्द्याला १९५६च्या धम्मदीक्षेचा आणि १९९०च्या कायदादुरुस्तीचा आधार मी तिथल्या तिथे देऊ शकत होतो, आणि दिला. पहिल्या दोन मुद्द्यांना मात्र माझ्याकडे कागद नव्हता.

कार्यालयाच्या बाहेर चहाच्या टपरीवर एक गृहस्थ उभे असत. ते कार्यालयात नोकरीला नव्हते, पण आत कोणत्या टेबलावर कोणाचा कागद आहे हे त्यांना पाठ होते. त्यांनी मला 'गुरुजी' म्हणून हाक मारली, आपुलकीने चौकशी केली आणि एक आकडा सांगितला. आकडा माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता. घरी आल्यावर नात्यातील एक वडीलधारे म्हणाले, "लेकराच्या वर्षाचा प्रश्न आहे. टाक बाबा तोंडावर आणि मोकळा हो." त्यांचे बोलणे प्रेमापोटीच होते. मी काहीच बोललो नाही. शाळेत पंचशीलाचा अर्थ सांगणारा माणूस त्या रात्री जेवला नाही, एवढेच.

अशा रात्री मी 'जय भीम' पाहिला, हिंदी आवाज असलेला, कानात यंत्र घालून, घरचे झोपल्यावर.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात. राजाकण्णू हा वीटभट्टीवर राबणारा, साप पकडण्यात तरबेज असलेला तरुण. एका धनिकाच्या घरी साप धरायला बोलावले म्हणून जातो. पुढे त्या घरात दागिन्यांची चोरी होते आणि संशय त्याच्यावर येतो. पोलीस त्याला आणि त्याच्या दोन नातेवाइकांना कोठडीत बेदम मारतात. मग एके दिवशी पोलीस सांगतात की तिघेही पळून गेले. त्याची गरोदर बायको सेंगेनी हे मानायला तयार नसते. वस्तीत प्रौढांना रात्री अक्षरे शिकवणारी मैत्रा नावाची शिक्षिका तिला चंद्रू वकिलांकडे घेऊन जाते आणि उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसची याचिका दाखल होते: ताब्यात घेतलेला माणूस न्यायालयापुढे हजर करा.

(या मैत्राबाईंविषयी एक शिक्षक म्हणून दोन शब्द. आपल्या चित्रपटांतले मास्तर बहुधा विसराळू नाहीतर विनोदी असतात. इथली शिक्षिका कंदिलाच्या उजेडात पाटी धरून बसते आणि गरज पडली की शहरात जाऊन वकिलाचे दार ठोठावते. आपल्या शाळेतल्या कितीतरी बाईंनी हेच केले आहे. त्यांच्यावर कोणी चित्रपट काढला नाही.)

चंद्रू वकील मला आवडले. ते हाणामारी करीत नाहीत. गाणे म्हणत नाहीत. त्यांचे शस्त्र म्हणजे पोलीस ठाण्याची नोंदवही, फोनची नोंद, साक्षीदाराच्या जबानीतली तफावत. पळून गेलेल्यांपैकी एकाचा फोन आला होता हा पोलिसांचा बनाव ते कागदावरून उघडा पाडतात. 'दीवार' पाहून वाढलेल्या मला हा नायक फार वेगळा वाटला. उच्च न्यायालयाला असा आदेश काढण्याचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद २२६ने दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाला तो देणाऱ्या अनुच्छेद ३२ला तर बाबासाहेबांनी घटना समितीत घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते. दहावीच्या वर्गात हे मी कितीदा तरी शिकवले आहे. ते कलम एका झोपडीतल्या बाईच्या बाजूने उभे राहिलेले पाहताना मला माझाच धडा नव्याने कळत होता.

पण खरे सांगायचे तर चंद्रूंसारखा वकील मला मिळणार नव्हता. बहुतेकांना मिळत नाही. चित्रपट चंद्रूंचा आहे असे समजून पाहिला, तर शेवटी हातात एवढेच उरते की असा कोणी देवमाणूस आपल्यालाही भेटो. मग आपण पुन्हा त्या १९४३च्या भाषणातल्या भक्तांच्या रांगेत जाऊन बसलो. मला त्या रात्री धरून ठेवले ते सेंगेनीने. लिजोमोल जोस या अभिनेत्रीने ती उभी केली आहे.

दोन प्रसंग सांगतो. पहिला असा. प्रकरण न्यायालयात गेल्यावर पोलिसांवर दडपण येते, आणि ठाण्यात आणलेल्या सेंगेनीला सन्मानाने घरी पोहोचवण्याचा हुकूम वरून येतो. ज्यांनी तिला लाथाडले तेच आता जीपमध्ये बसण्याची विनवणी करतात. ती बसत नाही. आपल्या मुलीसह ती रस्त्याने चालू लागते, आणि पोलिसांची जीप गोगलगायीसारखी तिच्या मागून येत राहते. दृश्य एवढेच. ती वळून काही सुनावत नाही, हात उगारत नाही, तिची चालही बदलत नाही. तिने वाहन नाकारले आहे, कारण ते त्यांचे आहे. पाय तिचे स्वतःचे आहेत, आणि गरोदर असली तरी तिला त्या पायांनी घर गाठता येते.

दुसरा प्रसंग पैशांचा. पोलीस खात्यातला सर्वांत मोठा अधिकारी तिला समजावतो की नवरा तर परत येणार नाही, खटला मागे घे, भरपूर रक्कम घे, मुलांचे कल्याण होईल. सेंगेनी ते पैसे नाकारते. बापाला मारणाऱ्यांच्या पैशावर आपण वाढलो, हे तिला मुलांना सांगायचे नाही. हिशेब इतका साधा आहे की त्यावर त्या साहेबाकडे उत्तर नसते.

मी मोबाईल थांबवला. तिथे नवऱ्याचा जीव गेला होता, इथे एका प्रमाणपत्राचा प्रश्न होता. दोन्हींची तुलना करण्याइतका मी बेभान नव्हतो. परंतु प्रश्नाचा गाभा एकच होता. जे माझ्या हक्काचे आहे ते उपकार म्हणून विकत घ्यायचे का? आणि घेतले, तर पुढे मुलीला काय सांगायचे? तुझी जात तुझ्या पणज्याने गावकी करून, रखवाली करून, मेलेली ढोरे ओढून सिद्ध केली होती. मी ती टपरीवर पैसे मोजून पुन्हा सिद्ध केली?

सकाळी मुलीला समोर बसवून सगळे सांगितले. आकडासुद्धा सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पप्पा, पैसे द्यायचे नाहीत. या वर्षी नाही झालं तर पुढच्या वर्षी घेईन प्रवेश. पण तुम्ही शोधत राहा." तिने तोवर चित्रपट पाहिलेला नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो. माझ्या पत्नीने भाकरी थापता थापता एवढेच विचारले, "आणि नाहीच सापडलं तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

मुदत टळली. मुलीचे ते वर्ष गेले. तिच्या मैत्रिणी महाविद्यालयात जाऊ लागल्या आणि ती आमच्या शाळेच्या अभ्यासिकेत बसून पुन्हा प्रवेश परीक्षेची तयारी करू लागली. बापाला हे पाहणे सोपे नसते. त्या काळात तालुक्याला, जिल्ह्याला मिळून एकवीस खेपा झाल्या. प्रत्येक वेळी मी अर्ज लेखी देत असे आणि आवक क्रमांकासह पोच घेत असे. "साहेब नाहीत, उद्या या" असे सांगितले, तर तेही तारीख टाकून वहीत लिहून ठेवीत असे. टपरीवरचे गृहस्थ मला दिसत. नमस्कार करीत. आकडा एकदा कमीही झाला. मी त्यांना परत नमस्कार करून आत जात असे. त्या जीपच्या पुढे चालणाऱ्या बाईची पाठ अशा वेळी डोळ्यांपुढे येई आणि पायऱ्या चढणे सोपे होई. यापेक्षा मोठे काही त्या चित्रपटाने माझ्यासाठी केले असे मी म्हणणार नाही; पण एकविसाव्या खेपेला पायऱ्या चढता येणे ही लहान गोष्ट नाही.

कागद सापडला तो अनपेक्षित ठिकाणी, आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून तो प्रसंग मी कधीही विसरणार नाही. आमच्या घराण्याकडे महार वतनाची थोडी जमीन होती. ही वतने म्हणजे गुलामीची साखळी आहे हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. ते तेव्हा पार पडले नाही. वतने प्रत्यक्षात खालसा झाली ती १९५८च्या कायद्याने. त्यानंतर जमिनीच्या फेरफार नोंदी झाल्या. माझा आजा १९६२ साली वारला. त्याची वारस नोंद गाव नमुना ६ मध्ये असणार, हे मला एका रात्री अंथरुणात सुचले. तलाठी कार्यालयातून जुनी फेरफार नोंदवही निघाली. त्यात आज्याचे नाव होते, पुढे 'महार', पुढे 'ऊर्फ', आणि त्या 'ऊर्फ'नंतर आमचे आजचे आडनाव. खाली वारस: मुलगा, माझ्या वडिलांचे नाव, वय वर्षे २४. १९६२ मधून २४ वजा केले की १९३८ येते. कोतवाल बुकातल्या त्या बिननावाच्या मुलाला चोवीस वर्षांनी वतनाच्या जमिनीने नाव दिले होते. ज्या वतनावर बाबासाहेबांनी घाव घातला, त्याच वतनाच्या कागदाने त्यांच्या लेकीला शिक्षणाचा दरवाजा उघडून द्यावा, यातला विरोधाभास मी अजून वर्गात सांगतो.

जून २०२२ मध्ये वैधता प्रमाणपत्र मिळाले. त्या वर्षी तिचा प्रवेश झाला. ज्या कार्यालयात वर्षभर माझ्याकडे कोणी मान वर करून पाहिले नाही, तिथल्या एका बाईंनी प्रमाणपत्र हातात देताना विचारले, "सर, तो फेरफार शोधायची कल्पना कुणाची?" त्यांच्या भाचीचेही प्रकरण अडकले होते. मी त्यांना कागदाच्या मागे गाव नमुन्यांचे क्रमांक लिहून दिले.

पुढच्या वर्षी वसतिगृहातील नववी-दहावीच्या मुलांनी 'जय भीम' दाखवा म्हणून हट्ट धरला. मी पूर्ण चित्रपट दाखवला नाही. कोठडीतील मारहाणीची दृश्ये इतकी लांब आणि इतकी निर्दय आहेत की मोठ्यांनाही ती पाहवत नाहीत, आणि आमच्या काही मुलांच्या घरांत ती दृश्ये नवीन नाहीत. मी तीन तुकडे निवडले. जीपचा प्रसंग. शाळेतील मुले राष्ट्रपुरुषांच्या वेशात आलेली असतात आणि त्यांत आंबेडकर का नाहीत असे चंद्रू विचारतात, तो प्रसंग. आणि शेवटचा. शेवटी सेंगेनीची मुलगी अल्ली चंद्रूंच्या शेजारच्या खुर्चीवर बसते, त्यांच्यासारखेच वर्तमानपत्र हातात घेते आणि पायावर पाय टाकते. क्षणभर बिचकते, ते खुणेने सांगतात की बस तशीच, आणि ती पुन्हा ऐटीत पेपर उघडते. यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलींनी वाजवल्या नाहीत. त्या एकमेकींकडे पाहून हसल्या. दुसऱ्या दिवशी वाचनालयात गेलो तर सातवीतली एक मुलगी पायावर पाय टाकून 'सकाळ' वाचत होती. मला पाहूनही तिने पाय खाली घेतला नाही. मी पुस्तक घेतले आणि काही न बोलता निघून आलो.

परिपाठात आपली मुले दहा पारमिता म्हणतात. 'वीर्य' म्हणजे हाती घेतलेल्या कामातून मागे न फिरता केलेला सम्यक प्रयत्न आणि 'अधिष्ठान' म्हणजे ध्येय गाठण्याचा दृढ निर्धार, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सांगितले आहे. पूर्वी मी हे अर्थ फळ्यावर लिहून देत असे. आता त्याला एक स्वाध्याय जोडला आहे. आठवीच्या प्रत्येक मुलाने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या कुटुंबाचा जुन्यात जुना कागद शोधून त्याची प्रत आणायची. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०पूर्वीचा, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा. पालकांना विनंती आहे की बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. कोतवाल बुक, दाखल-खारीज रजिस्टर, फेरफार, खरेदीखत, जे सापडेल ते आत्ताच काढून ठेवा. मोडी वाचायची असेल तर रविवारी दुपारी मी शाळेत असतो. आतापर्यंत अनेक कुटुंबांचे कागद या टेबलावर वाचून झाले आहेत.

एका मुलाचा मात्र अजून सापडलेला नाही. तो पारधी समाजाचा आहे. जीपचा प्रसंग पाहून झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, माझ्या चुलत्याला पण असंच नेलं होतं. तो चालत आला नाही, आम्ही त्याला उचलून आणला." त्याच्या आज्याचे गावच नव्हते, मग कोतवाल बुक कुठले? ज्या कुरवरांची ही मूळ कथा, त्यांच्यावर आणि पारध्यांवर इंग्रजांनी एकाच कायद्याने जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. १८७१ मध्ये आलेला तो गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. मुलाच्या आजीला एवढेच आठवते की तिचा सासरा काही वर्षे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात होता. तिथे रोज हजेरी होत असे. हजेरी होत होती म्हणजे नोंदवही होती. ज्या वहीत त्याला गुन्हेगार म्हणून मांडले, त्याच वहीत त्याची जमातही लिहिलेली असणार.

त्या नोंदींच्या शोधासाठी आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. मजकूर मी सांगितला, अक्षर त्याचे. मागच्या महिन्यात तो आपल्या आजीला घेऊन स्वतः अर्ज देऊन आला. पोच त्याने वहीत चिकटवून ठेवली आहे, आणि पुढची तारीख २० ही मिळाली आहे.